पुंगळी मद्रासवर पडलीच नाही! (थ्रेड)

१/ गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात तोफेची पितळी पुंगळी पाहिली. शेजारी फलक : ‘१९१४ साली एम्डन या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर डागलेला गोळा’. लोक छायाचित्रे काढत होते. तळ पाहायला कोणीही वाकले नाही. हा थ्रेड त्या न वाकलेल्या मानांविरुद्ध आहे.

२/ आधी साधी गोष्ट. तोफ उडते तेव्हा गोळा जातो; पुंगळी मागे, नौकेच्याच डेकवर पडते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डनच्या १०.५ सेंटिमीटर तोफांनी मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या, त्या गोळ्यांनी. पुंगळ्या समुद्रातच राहिल्या. मद्रासवर ‘पडलेली’ पुंगळी ही अशक्य वस्तू आहे.

३/ आता तळ वाचू. मधोमध बाण, त्याच्या दोन अंगांना आर आणि एल. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी. आर-एल म्हणजे वुलिचची रॉयल लॅबोरेटरी. बाजूला एन, म्हणजे नौदलासाठी. आणि साल : १९१७. एम्डन ९ नोव्हेंबर १९१४ रोजीच कोकोस बेटांपाशी संपली होती!

४/ जर्मन नौदलाची तपासणी-खूण वेगळी : राजमुकुट आणि त्याखाली एम. ती असती तरी ‘जर्मन नौदलाची’ एवढेच सिद्ध झाले असते, ‘एम्डनची’ नव्हे.

५/ ‘मग एम्डनला हरवणाऱ्या सिडनीची असेल’, असे आयोजक म्हणाले. सिडनीच्या ६ इंची मुख्य तोफांची दारू कापडी पिशव्यांतून भरली जाई. त्या तोफांना पितळी पुंगळी नव्हतीच.

६/ साल हीदेखील फसवी खूण. ते घडणीचे साल, लढाईचे नव्हे. ब्रिटिश पुंगळ्या पुन्हा भरून वापरल्या जात. पूर्ण कॉर्डाइट भाराची सी-एफ ही अक्षरे म्हणूनच एकाच तळावर अनेकदा ठोकलेली दिसतात. दोन बाण टोकाला टोक लावून दिसले, तर समजावे : सरकारने ती विकून टाकली. तिथून पुढचा प्रवास भंगारबाजाराचा.

७/ ‘लोकस्मृतीचा मान ठेवा’, हा आक्षेप मला ठाऊक आहे. अवश्य ठेवू. ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ असे लिहा आणि ती स्मृती म्हणून जपा. पण पितळेच्या तोंडी ती घालू नका. खूण हा वस्तूचा जन्मदाखला आहे, शौर्यपदक नव्हे.

८/ खोट्या फलकाने नुकसान कोणाचे होते? १९१७ साली वुलिचच्या शस्त्रागारात हजारो स्त्रिया दारूगोळा घडवत होत्या. ही पुंगळी त्या वर्षाची, त्या आवाराची साक्षीदार आहे. आपण तिला एम्डनची उसनी कीर्ती दिली आणि तिची स्वतःची गोष्ट पुसली.

९/ म्हणून विनंती. घरात अशी पुंगळी असेल तर चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. तपासनिसांचे बारीक ठसे आधी झिजतात. तळावर तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घ्या, प्रत्येक अक्षर उतरवून ठेवा. गोळा अजून जोडलेला असेल, तर मात्र हातही न लावता पोलिसांना कळवा.

१०/ आणि प्रदर्शनवाल्यांना एकच सांगणे : फलक लिहिण्याआधी वस्तू उलटी करून पाहा.