शेंदूर, निर्माल्य आणि शहरी खत

देवळातील निर्माल्याचे खत करून ते शेतकऱ्यास द्यावे, हे पुण्यकर्म होय असे आमच्या पुष्कळ देवस्थान समित्या अभिमानाने सांगतात. कल्पना उत्तम आहे. परंतु त्या निर्माल्यात काय जाते हे पाहण्याची तसदी किती जणांनी घेतली? मारुतीच्या गळ्यातील रुईच्या माळा शेंदराने माखलेल्या असतात, आणि पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड! रुईचे पान कुजते. शिसे कुजत नाही.

दोष एकट्या देवळाचा नव्हे. नगरपालिकेच्या गाडीत भाजीच्या देठांबरोबर बॅटरीचे सेल, रंगाचे डबे आणि रस्त्याची झाडलोट एकत्र पडते. पुढे चाळणीने काच निघेल, प्लास्टिक निघेल. धुळीत मिसळलेले शिसे व कॅडमियम कोणती चाळणी काढणार? अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदुरास जी कंपोस्टाची पद्धत सिद्ध केली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, ती पाला, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांची होती. तिचा लौकिक मिश्र केराच्या खतास कसा लागू व्हावा? भोपाळच्या मृद्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २९ शहरांची खते तपासून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुळातच वेगळ्या ठेवलेल्या ओल्या कचऱ्याच्या खतात, मिश्र केराच्या खताहून शिसे सरासरी ८४ टक्क्यांनी व कॅडमियम ६४ टक्क्यांनी कमी आढळले.

‘धरणीमाता सर्व पचविते’ असे काही सज्जन आम्हांस ऐकवितात. धातू ती पचवीत नाही, साठविते. आता कायदा पाहू. तो आमचा व्यवसायच आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टात किलोमागे शिसे १०० व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे हेक्टरी १० टन खत घातल्यास, नियमात बसणाऱ्या मालातूनही वर्षास किलोभर शिसे शेतात जाऊ शकते. आदेश गोणी मोजतो, शेताचे खाते ठेवीत नाही. अमेरिकेने सांडपाण्याच्या गाळाविषयी १९९३ साली नियम केले, त्यांत एका हेक्टरात एकूण किती धातू जावा याचीही मर्यादा घातली. आमच्याकडे ती का नसावी?

गोमंतकातील जांभ्याच्या आम्ल जमिनीत तर ही चिंता अधिकच. अशा मातीत कॅडमियम सहज सुटे होऊन पालेभाजीत चढते. शिसे बहुतांशी मातीत व मुळांशी राहते, पण धुळीने पानावर बसते. तीच तांबडी भाजी आपण नैवेद्याच्या पानात वाढतो.

तेव्हा समित्यांकडे आमचे मागणे एवढेच: शेंदूर लागलेले निर्माल्य, जरीची तोरणे व रंगविलेले दोरे खतखड्ड्यात जाऊ देऊ नयेत, आणि खत देताना धातूंच्या तपासणीचा अहवाल शेतकऱ्याच्या हाती द्यावा. तपासणीचा खर्च देणगीच्या पेटीतून सहज निघेल.