चर्चा मांजरीपर्यंत पोहोचली पाहिजे

नागरी हक्क आणि लोकशाही या विषयांवर पुण्यातील विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी आपापली मंडळे स्थापून चर्चासत्रे भरवितात, निवृत्त न्यायमूर्तींना व ज्येष्ठ वकिलांना पाचारण करतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचा कीस पाडतात, ही गोष्ट मनःपूर्वक अभिनंदनास पात्र आहे. तथापि या चर्चेची खरी कसोटी हडपसरच्या पलीकडे, मांजरीसारख्या गावात लागावयाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कार्याला आपल्याकडे थोर परंपरा आहे. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेमागे गणेश वासुदेव जोशी या वकिलाचे परिश्रम होते. आणि विधिमंडळात रयतेचा एकही निर्वाचित प्रतिनिधी नसण्याच्या त्या काळात, सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे अशी अट घालून, लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने आधी लोकांकडून तसा अधिकार मिळविला पाहिजे हा दंडक त्या सभेने घालून दिला. पुढे शंभर वर्षांनी, आणीबाणीच्या अंमलात, ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईतील वकिलांनी नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या विषयावर योजिलेल्या खासगी सभेला पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली, तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती नथवानी प्रभृतींनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने तो हुकूम रद्दबातल ठरविला. विद्यार्थ्यांच्या चर्चेकडे संशयाने पाहणाऱ्या महाविद्यालयीन चालकांनी हा निवाडा अवश्य वाचावा.

मांजरीचे उदाहरण या संदर्भात अत्यंत उद्बोधक आहे. ३० जून २०२१ रोजी ज्या तेवीस गावांचा पुणे महापालिकेत समावेश झाला, त्यांत मांजरी बुद्रुक होते. ग्रामपंचायत संपुष्टात आली आणि तिच्याबरोबर सरपंच व ग्रामसभाही गेली. महापालिकेत या गावाने निवडून दिलेला नगरसेवक नव्हताच, आणि मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपून सारा कारभार प्रशासकाच्या हाती गेल्यावर, तो निवडण्याची संधी थेट जानेवारी २०२६ मध्ये आली. मुळा-मुठेच्या पलीकडच्या तीरावरील मांजरी खुर्द ग्रामपंचायतीतच राहिल्यामुळे तेथील शेतकऱ्याला ग्रामसभेत उभे राहून पाणीयोजनेचा हिशेब मागण्याची मुभा होती. परंतु अलीकडच्या तीरावरील त्याच्या सोयऱ्याला कराचे देयक हाती घेऊन महापालिकेच्या कचेरीचे, आणि घर बांधावयाचे झाल्यास महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे उंबरठे झिजवावे लागत. साडेचार वर्षे एका मोठ्या गावाला स्थानिक कारभारात आपला म्हणावा असा एकही प्रतिनिधी नसावा, याहून लोकशाहीवरील चर्चेला अधिक समर्पक विषय कोणता?

आणि हे घडले ते राज्यघटनेत तरतूद नव्हती म्हणून नव्हे. १९९३ पासून अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षे ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पार पडलीच पाहिजे, असे २४३-यू या अनुच्छेदात निःसंदिग्ध शब्दांत बजावले. तरीही आरक्षणाचे व प्रभागरचनेचे वाद प्रलंबित राहिले, तारखांवर तारखा पडल्या, आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागावर तासन् तास बोलणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी नगरपालिकांविषयीच्या या नवव्या-अ भागाकडे तितक्याच आस्थेने पाहावे, अशी माझी विनंती आहे. कारण सामान्य माणसाची आणि राज्यसत्तेची गाठ रोज पडते ती पाणी, रस्ता, कचरा आणि घरपट्टी यांच्या निमित्ताने.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारावयास नको. विधी सहाय्य केंद्र चालविणे हे प्रत्येक विधी महाविद्यालयाला बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी बंधनकारक केलेलेच आहे. विद्यार्थ्यांच्या एकेका मंडळाने समाविष्ट गावांपैकी एकेक गाव आपले मानावे, गावातील शाळेच्या वर्गात सुट्टीच्या दिवशी बैठक घ्यावी, आणि ती शुद्ध, सोप्या मराठीत घ्यावी. व्याख्यान अर्ध्या तासात आटोपावे. मग बाकावर शेजारी बसून माहितीच्या अधिकाराचा 'जोडपत्र अ' हा अर्ज भरून दाखवावा, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून द्यावे, तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील कोणाकडे करावयाचे ते सांगावे. एवढ्या एका कागदाने गृहिणीला आपल्या गल्लीतील रखडलेल्या जलवाहिनीचा कार्यादेश पाहावयास मिळतो; आणि तो वाचता वाचता विद्यार्थ्यालाही कोणत्याही पाठ्यपुस्तकाने न शिकविलेला प्रशासकीय कायदा उमगतो.

आता नगरसेवक निवडून आले, तेव्हा प्रश्न मिटला, असे कोणी म्हणेल. परंतु ग्रामसभेच्या जागी शहरात क्षेत्रसभा असावी असा कायदा आपल्या राज्याने २००९ मध्येच केला असून तो अद्याप कागदावरच आहे, आणि मुदत संपलेल्या पालिकेवर प्रशासक बसविण्याचा एकवार पडलेला पायंडा पुन्हा गिरविला जाणार नाही याची हमी कोणी दिलेली नाही. ती हमी कायद्याच्या पुस्तकातून मिळत नसते. ते पुस्तक वाचता येणारे आणि त्याच्या आधारे जाब विचारणारे नागरिक गावोगावी निर्माण झाले, तरच ती मिळते. असे नागरिक घडविण्याचे सामर्थ्य आज या तरुण मंडळांत आहे, आणि म्हणूनच त्यांनी पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता या कामाला लागावे.