रुपया पडला की शेतकऱ्याचं भलं होतं म्हणे

रुपया घसरला की आपल्या ग्रुपवर दोन गट पडतात. एक म्हणतो देशाची अब्रू गेली. दुसरा म्हणतो, बरं झालं, निर्यात वाढेल, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ वर गेला तेव्हाही हेच लोक होते, फक्त बाजू उलट्या होत्या. मी तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग करतो, म्हणून दुसऱ्या गटाशी जरा बोलायचंय.

आधी भाव का हलतो ते. सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे ज्यांनी बघितलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आवक वाढली की भाव उतरतो, मागणी वाढली की चढतो. आपण बाहेर विकलेला माल, परदेशातल्या आपल्या माणसांनी धाडलेले पैसे, बाहेरच्यांनी इथं केलेली गुंतवणूक, ही डॉलरची आवक. मागणी मुख्यतः तेलाची. कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतं. वर आपली सोन्याची हौस. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत, सोन्याच्या भावात डॉलर किती असतो ते त्यांना विचारा. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानं तेल महागलं, अमेरिकेनं व्याज वाढवलं म्हणून बाहेरचा पैसा तिकडं पळाला, आणि वर्षाच्या सुरुवातीला ७४-७५ ला असलेला डॉलर ऑक्टोबरात ८३ ला टेकला.

अशा वेळी रिझर्व्ह बँक पेव उघडते. हरिपूरला जमिनीतल्या पेवात हळद साठवायचे आणि भाव बघून काढायचे, तसंच. सप्टेंबर २०२१ मध्ये ६४२ अब्ज डॉलर असलेली गंगाजळी वर्षभरात ५२५ च्या घरात आली. (सगळी घट विक्रीची नव्हती; साठ्यातल्या युरोचा आणि रोख्यांचा भावही पडला होता.) १९९१ ला पेवच रिकामं होतं. सोनं गहाण टाकावं लागलं आणि जुलैत तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झालं.

आता माझा मुद्दा. आमची द्राक्षं युरोपात युरोत विकली जातात, पण बांधावर दर ठरतो रुपयात. २०२५ च्या फेब्रुवारीत युरो ९०-९१ ला होता, एप्रिल संपताना ९५ च्या पुढं. गंमत बघा, त्याच काळात डॉलर ८७ वरून ८५ च्या खाली आला होता. म्हणजे टीव्हीवर ‘रुपया सावरला’ आणि आमच्या मालाला मात्र तिकडं जास्त रुपये! किलोला दोन युरो धरले तरी नऊ-दहा रुपयांचा फरक. आम्हाला त्यातला एक पैसा आला नाही. उलट दोन महिन्यांनी हिशेब झाला तेव्हा ‘तिकडं मणी तडकलेले निघाले’ म्हणून कपात. युरो वाढला तर त्यांचा, मणी तडकला तर आमचा!

निर्यातदारावर अन्याय नको. युरो पडला तर तोटा त्याचा असतो, आणि बरेच जण बँकेत पुढचा दर आधीच बांधून ठेवतात, म्हणजे वाढीचा फायदा त्यांनाही पुरता मिळत नसेल. पण मग ते कागदावर दाखवा की राव.

खर्चाला मात्र कुणी मध्ये उभा नसतो. पोटॅश जवळजवळ सगळं आयात, डिझेलचं तेल आयात. रुपया पडला की ते महागतं, आणि पुन्हा सावरला तर दुकानदाराच्या कानावर जात नाही. कराडच्या आमच्या साडूंचा पोरगा जर्मनीला शिकायला निघालाय. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवायचे. ९० च्या भावानं पावणेअकरा लाखांच्या आत, १०० च्या भावानं बारा लाखांना टेकले. साडू म्हणतात, “तुमचं बरंय, तुम्ही निर्यातदार!” काय सांगू त्यांना.

ऑक्टोबर छाटणीआधी आपल्या गावोगावच्या गटांनी एकच अट घालावी: करारावर ठरलेल्या दिवशीचा युरोचा भाव लिहायचा, हिशेबाच्या दिवशीचा लिहायचा, आणि वाढ-घट दोघांत ठरल्या वाट्यानं वाटायची. घटही, हो. कुणाला अशी पावती आजवर मिळाली असेल तर नाव झाकून फोटो टाका, मला बघायचीय.