झाडलोट वेगळी, दुरुस्ती वेगळी

‘कोड चालतो ना? मग रिकाम्या जागा मोजत कशाला बसायचे?’ संशोधनाच्या क्षेत्रात हा प्रश्न ज्येष्ठांकडून वारंवार ऐकू येतो. दुसरीकडे, आपले अनेक विद्यार्थी ओपन सोर्स प्रकल्पांत नेमक्या त्याच रिकाम्या जागा हलवून ‘योगदाना’ची नोंद करतात. एकाला कोडची शैली क्षुल्लक वाटते, दुसऱ्याला ती स्वस्त श्रेयाची वाट वाटते. माझ्या मते दोघेही चुकतात.

प्रथम ज्येष्ठांविषयी. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षाप्रणालीतील ‘गोटो फेल’ ही चूक उघडकीस आली. एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. इंडेंटेशनमुळे दुसरी ओळही वरच्या अटीच्या अधीन भासत होती. प्रत्यक्षात ती बिनशर्त चालत होती आणि सर्व्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची पडताळणीच वगळली जात होती. हा कोड सर्वांना वाचण्यास खुला होता, पण मांडणीनेच वाचणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकली. जो कोड नीट वाचता येत नाही तो तपासताही येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्याला विज्ञान कसे म्हणावे?

आता विद्यार्थ्यांविषयी. ‘चार पुल रिक्वेस्ट पाठवा, टी-शर्ट मिळवा’ या हॅक्टोबरफेस्टच्या आवाहनाने २०२० मध्ये निरर्थक बदलांचा असा पूर आला, की केवळ संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करणे आयोजकांना भाग पडले. त्या लाटेत आपल्याकडील विद्यार्थीही होते. प्रत्येक पोकळ बदल वाचण्यात कोणा स्वयंसेवी मेंटेनरची संध्याकाळ खर्च होते, हे आपण विसरतो.

याहून मोठा धोका मी स्वतः ओढवून घेतला होता. पीएच.डी.च्या काळात एका कोडची ‘साफसफाई’ करताना मी अनावश्यक वाटलेले कंस काढून टाकले. बीजगणितात क + (ख − ग) आणि क + ख − ग एकच. संगणकाच्या फ्लोटिंग पॉइंट गणितात तसे नसते. क १ असेल आणि ख व ग हे दोन्ही दहाचा सोळावा घात असतील, तर दुहेरी अचूकतेत पहिल्याचे उत्तर १ येते आणि दुसऱ्याचे ०. माझा बदल ‘केवळ फॉरमॅटिंग’ या शीर्षकाच्या दोन हजार ओळींत दडून गेला. तो कोणीच तपासला नाही. आलेखात उमटलेल्या उसळीत मी तीन आठवडे नवी भौतिकी शोधत होतो!

म्हणून माझा आग्रह एकाच नियमाचा आहे: झाडलोटीच्या कमिटमध्ये अर्थाचा एकही बदल नसावा. जँगो प्रकल्पाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपला सगळा पायथन कोड ‘ब्लॅक’ या साधनाने नव्याने मांडला. त्याआधी जाहीर चर्चा होऊन निर्णय झाला होता. मांडणीपूर्वीचा आणि नंतरचा कोड रचनेने समान आहे, याची पडताळणी हे साधन स्वतःच करते.

‘अशाने कोणती ओळ कोणी व का लिहिली हा इतिहास पुसला जातो’ हा आक्षेप एके काळी रास्त होता. २०१९ पासून मात्र ‘गिट ब्लेम’ला असे कमिट वगळण्यास सांगता येते.

विद्यार्थी मित्रांनो, शैलीचे काम यंत्रावर सोपवा आणि तेही प्रकल्पाच्या संमतीनेच. तुमची बुद्धी चाचण्या लिहिण्यास, चुका पुन्हा घडवून दाखवण्यास लावा. आणि ज्येष्ठांनो, सुवाच्य कोडसाठी दिलेला वेळ हा संशोधनाचाच वेळ म्हणून मोजा. प्रयोगवहीतील खाडाखोड आपण खपवून घेत नाही. मग ज्या कोडमधून आपले निष्कर्ष निघतात, त्याला वेगळा न्याय का?