इंजिन उघडण्यापूर्वीं

आमच्या कै. ज्येष्ठ बंधूंची प्रीमियर पद्मिनी अंगणांत सहा वर्षें उभी आहे. पुतण्याचा हट्ट कीं इंजिन नव्यानें बांधून घ्यावें. एका कारागिरानें तर गाडीस हात न लावतांच मोठा खर्च सांगितला. रोग्याची नाडी न पाहतां शस्त्रें परजणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणतों? तेव्हां दुसऱ्या वयस्क मिस्त्रींस घरीं बोलाविलें. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, मोडींत मात्र घालायची नाहीं हो."

न्यायशास्त्रांत धूम पाहून अग्नीचें अनुमान करतात. मिस्त्री धुराच्या रंगावरून रोगाचें करतात. निळसर धूर निघाला तर तेल जळतें, काळा निघाला तर पेट्रोल अधिक जातें, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा राहिला तर पाणी आंत शिरतें. परंतु बंद गाडीस धूर कोठला?

मिस्त्रींनीं चावीस हात लाविला नाहीं. प्लग काढून चारी सिलिंडरांत थोडें तेल सोडलें, रात्र जाऊं दिली, व सकाळीं पुलीच्या नटास पाना लावून इंजिन हातानें हलकेच फिरविलें. गंजून बसलेलें इंजिन स्टार्टरनें एकदम फिरविल्यास रिंगा तुटतात.

मग तळचें जुनें तेल फडक्यांतून गाळलें. तें दुधाळ असतें तर पाणी मिसळलें असें ठरलें असतें, तसें नव्हतें. रुपेरी कण मात्र निघाले. चुंबकास ते चिकटेनात. लोखंड नव्हे, तर बेअरिंगाचा मुलामा किंवा पिस्टनचें ॲल्युमिनियम! येथें मिस्त्री कांहीं वेळ बोलले नाहींत.

नवें तेल भरून, रात्रीं सोडलेलें तेल इंजिन फिरवून बाहेर उडविलें (नाहींतर माप खोटें येतें), व दाबमापक लाविला. तीन सिलिंडरांत दर चौरस इंचास १२० पौंडांच्या आसपास दाब. तिसऱ्यांत अवघा ७०. त्यांत चमचाभर तेल घालतांच तो १०५ वर गेला. म्हणजे दोष रिंगांचा वा सिलिंडराच्या भिंतीचा. दाब वाढला नसता तर व्हाल्व्हचा संशय. शेजारचे दोन एकदम पडले असते तर मधल्या गॅस्केटचा.

हेड उतरविल्यावर तिसऱ्या सिलिंडराच्या तोंडाशीं नख अडकेल एवढी कड लागली. पिस्टनच्या रिंगा जेथवर पोंचतात तेथवर भिंत झिजते, वरची तशीच राहते. तीच ही कड. मूळ व्यास ६८ मिलिमीटर. एका सिलिंडरासाठीं चारी बोअर करावे लागतील.

पुतण्या तत्काळ ब्लॉक यंत्रशाळेंत नेण्यास निघाला. मिस्त्रींनीं अडविलें. मुंबईंत कुर्ल्यास होणारें या गाडीचें उत्पादन केव्हांच थांबलें. मोठ्या मापाचे पिस्टन हातीं येण्यापूर्वीं बोअर केलें, आणि ते मिळालेच नाहींत, तर ब्लॉक वायां. क्रँकही मापल्यावांचून खर्च सांगणार नाहीं, असें ते म्हणाले. मला हा मनुष्य पटला.

क्रँक मापण्यास गेला आहे, पुतण्या पिस्टनांच्या शोधांत आहे, आणि ब्लॉक तुळशीवृंदावनाशेजारीं ताडपत्रीखालीं आहे. वहिनींनीं ती दोनदां नीट सारखी केली.