घर विकण्याआधी बहिणीला विचारा

अब्बांचा इंतकाल झाला, मुले नागपुरात स्थिरावली, कुरखेड्याच्या घराला कुलूप. विकायचे की थांबायचे? काही म्हणतात, वडसा-गडचिरोली रेल्वे होऊ द्या, भाव चढेल. पण ती लाइन कुरखेड्यातून जात नाही. त्या आशेवर आणखी किती पावसाळे घर गळू द्यायचे?

भाव हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, घर कोणाचे? घरटॅक्सची पावती थोरल्या भावाच्या नावाने येते, म्हणून घर त्याचे होत नाही. सूरह निसामध्ये हिस्से ठरलेले आहेत: मुलीला मुलाच्या निम्मे, आईला आठवा. आई हयात नसेल आणि दोन भाऊ, एक बहीण असेल, तर 10 लाखांतले 2 लाख बहिणीचे. लग्नाचा खर्च त्यातून वजा होत नाही. ईदला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवायचे आणि ‘तिने खुशीने सोडले’ म्हणायचे, ही खुशी नव्हे.

मित्रांनो, आधी सगळे वारस एकत्र बसा, हिस्से कागदावर लिहा. बहिणीला घर ठेवायचे असेल, तर विकत घेण्याची पहिली संधी तिला द्या. दलालाला फोन त्यानंतर.