वजनकाट्यावर न दिसणारी चरबी

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 39 सडपातळ तरुण-तरुणींना 7 आठवडे रोजच्या जेवणावर जादा मफिन खायला दिले. एका गटाला पामतेलातले, दुसऱ्याला सूर्यफूल तेलातले. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे दीड किलोने वाढले; पण पामतेलाच्या गटात यकृतात आणि पोटाच्या आत चरबी अधिक साठली. प्रयोग छोटा होता, हे खरे. सूर्यफूल तेलानेही वजन वाढलेच, म्हणजे बेताने खाण्याला पर्याय नाही. तरीही मधुमेहाचा धोका चरबी किती यावर जितका, तितकाच ती कुठे साठते यावर अवलंबून असतो. अंगकाठी बारीक, तरी शरीरात चरबी जास्त, ही भारतीय ठेवण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिली आहे. म्हणूनच ज्यांत पामतेल असू शकते अशी बिस्किटे, फरसाण घेताना पाकिटामागचे तेलाचे नाव आपण वाचलेच पाहिजे.